फोटो हलला की फोकस चुकला? निसर्गाचे फोटो काढताना या चुका टाळा

पक्ष्याचा फोटो खराब आला की आपल्या तोंडून एकच शब्द निघतो: ‘हलला’. मग उपायही एकच सुचतो, जास्त महागाची लेन्स. पण फोटो धूसर होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करा आणि नक्की काय धूसर आहे ते शांतपणे बघा.

वेड्या राघूचं उदाहरण सांगतो. वाळक्या काडीवर बसलेल्या एका राघूचे मी सकाळभर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर काडीच्या सालीचे पापुद्रे मोजता येत होते, पायाची नखंही स्पष्ट होती, पण डोळा आणि चोच पुसल्यासारखी. फोकस चुकला असावा असं वाटून मी बरेच दिवस फोकसच्या सेटिंगशी झटत राहिलो. चूक तिथे नव्हतीच. पाय आणि डोकं जवळपास एकाच अंतरावर असताना पाय स्पष्ट आणि डोकं धूसर आलं, म्हणजे फोकस बरोबर होता, डोकं हललं होतं. राघू बसलेला दिसतो, पण उडते किडे टिपण्यासाठी त्याची मान सारखी झटक्याने वळत असते. माझा शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, होता १/२५० सेकंद. त्याला किमान १/१००० हवा होता आणि उडताना टिपायचा तर १/२००० किंवा त्याहून वेगवान.

इथे लेन्सवरच्या स्टॅबिलायझेशनचा गैरसमज फार नडतो. ती सोय तुमच्या हाताची थरथर सावरते, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. ‘फोकल लेन्ग्थ (लेन्स लांबचं किती जवळ आणते त्याचं माप) ४०० मिमी असेल तर १/४०० पुरे’ हा जुना हिशेबही हाताच्या थरथरीपुरताच आहे. लहान सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या), म्हणजे चौकट दीडपट अरुंद करणाऱ्या १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर तर तोही १/६०० धरावा लागतो.

हात हलला असेल तर तो वेगळा ओळखू येतो: पक्षी, काडी, मागची पानं, सगळंच एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसतं. फोकस चुकला असेल तर फोटोत काहीतरी दुसरं स्पष्ट असतं, पुढचं गवत किंवा मागची फांदी. त्यावर उपाय म्हणजे फोकसची सगळी चौकट कॅमेऱ्यावर न सोडता एकच छोटा बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवणं. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती जरूर वापरा, पण दाट फांद्यांत ती फसते हे धरून चाला. हलत्या पक्ष्यासाठी फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर हवा. एकदा धरून थांबणाऱ्या मोडवर कॅमेरा राहिला, तर पक्षी वीतभर पुढे आला तरी फोटो गेला.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. फोटोत काहीच नीट स्पष्ट नाही, कडा पाण्याखाली असल्यासारख्या लहरलेल्या. शटर स्पीड वाढवला, ट्रायपॉड लावला, तरी तेच. हा दोष तापलेल्या हवेचा. उन्हात जमीन तापली की तिच्यावरची हवा डुचमळते आणि लांबच्या लेन्समधून ती लहर कित्येक पटींनी मोठी होऊन दिसते. लेन्स दुरुस्तीला देण्याआधी हीच लेन्स पहाटेच्या गार हवेत वापरून बघा. दुपारी लांबचा पक्षी सोडून द्यावा, त्याला उपाय नाही.

आता आयएसओची, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याची, भीती. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) येऊ नये म्हणून लोक आयएसओ ४०० वर अडून बसतात आणि शटर स्पीड खाली आणतात. नॉइज नंतर बराच कमी करता येतो, हललेलं पीस परत आणता येत नाही. सकाळच्या अंधुक उजेडात १६०० किंवा ३२०० ला बिचकू नका.

उजेडाच्या चुकांमध्ये बगळा पहिला. ‘पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवा’ असं सांगितलं जातं, आणि ते अर्धंच खरं आहे. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य साधारण मध्यम करडं धरून चालतं. बगळ्याने चौकट भरून टाकली असेल तर मीटर त्याला करडा करतं, तेव्हा एक्स्पोजर प्लस करावं, म्हणजे वाढवावं लागतं. पण काळपट पाण्यात लांबवर एकटा बगळा उभा असेल तर मीटर पाणी उजळायला जातं आणि बगळ्याची पिसं नुसता पांढरा डाग होतात. तिथे मायनस हवा. म्हणजे प्रश्न बगळा कोणत्या रंगाचा हा नाही, चौकटीत जास्त जागा कशाने व्यापली आहे हा आहे. आकाशासमोरची घार नेहमी काळी येते त्याचंही कारण हेच. तिथे एक ते दोन स्टॉप प्लस करा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

लाल फुलांत अशीच एक फसगत होते. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, व्यवस्थित दिसतो, पण पाकळीवरच्या शिरा गायब आणि फूल रंगाच्या थापेसारखं सपाट. कारण फक्त लाल रंग फुटलेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा लावा आणि लालची रेघ उजव्या भिंतीला टेकत असेल तर थोडं मायनस करा.

फुलांच्या मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत, अंतराचा हिशेब समजून घेतला की निम्मी निराशा संपते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी प्रतिमा, एफ/८ (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक), तर स्पष्टतेची जाडी जेमतेम १ मिलिमीटर. आपण श्वास घेतला तरी शरीर त्याहून जास्त पुढेमागे होतं. म्हणून ट्रायपॉड घ्या, वारा थांबायची वाट बघा आणि मुख्य म्हणजे कॅमेरा पानाला किंवा पाकळीला समांतर धरा. तेवढ्याने त्या एका मिलिमीटरमध्ये बरंच काही बसतं. मागे चमकणारी गवताची काडी दिसली तर ती तोडू नका, स्वतः वीतभर सरका.

निसर्गदृश्यांबद्दल थोडक्यात. ‘सगळं स्पष्ट हवं’ म्हणून एफ/२२ लावणं ही चूक हमखास दिसते. १९३२ मध्ये अमेरिकेत छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ ठेवलं होतं, हे खरं. पण त्यांच्या हातात मोठ्या निगेटिव्हचे कॅमेरे होते. आपल्या छोट्या सेन्सरवर इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. एफ/८ ते एफ/११ वर थांबा. रुंद लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला तर निळ्या आकाशात एक गडद पट्टा उमटतो, तोही तपासा.

आणि एक चूक अशी आहे की जी फोटोत दिसत नाही. घरट्यासमोरची फांदी ‘आड येते’ म्हणून बाजूला करणं. तीच फांदी पिलांवर सावली धरत असते आणि शिकाऱ्यांच्या नजरेपासून त्यांना लपवत असते. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्षी बोलावणं तितकंच वाईट. आपल्या हद्दीत दुसरा कुणी शिरला असं समजून तो खाणंपिणं सोडून धावून येतो. दुर्मीळ पक्ष्याचा किंवा फुलाचा फोटो इतरांना पाठवण्याआधी त्यातली जागेची नोंद पुसा.

घरट्याजवळ आपण आहोत हे कित्येकदा लक्षातच येत नाही. तेव्हा एक खूण बघा: चोचीत अळी धरलेला पक्षी जवळच्या फांदीवर बसलाय, इकडून तिकडे उड्या मारतोय, एकसारखा ओरडतोय, पण अळी गिळत नाही आणि पुढेही जात नाही. तो तुम्ही जाण्याची वाट बघतोय. अशा वेळी तो फार जवळून मिळतो, आणि म्हणूनच मोह होतो. कॅमेरा खाली करा आणि आल्या वाटेने मागे फिरा. तुम्ही पुरेसं लांब गेलात की तो अळी घेऊन पानांत शिरतो.