कॉन्टॅक्टर चिकटला तर?

डिप्लोमानंतर भोसरीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात मी रुजू झालो, तेव्हा इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण मी साध्या स्टॉप बटणाबरोबर सिरीजमध्ये जोडत असे आणि दाबल्यावर मोटार थांबली की सुरक्षेचे काम झाले असे मानत असे. एका कन्व्हेयरच्या चाचणीत ते बटण दाबले, मोटारीचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टर या विद्युतचुंबकी स्विचच्या कॉइलची वीज गेली, कॉइलला समांतर जोडलेला दिवाही विझला, पण पट्टा चालतच राहिला. शेवटी मुख्य स्विच पाडावा लागला. कॉन्टॅक्टर उघडला तर चांदीचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटलेले होते. दिवसभर इंचिंग, म्हणजे मोटार क्षणभर चालवून थांबवणे, चालणाऱ्या जागी आम्ही एसी-४ या अशा कठीण कामाच्या वर्गाऐवजी एसी-३ या साध्या चालू-बंद कामाच्या वर्गातील क्षमतेनुसार कॉन्टॅक्टर निवडला होता, ही चूक निवडीची होती. पण एक सुटा भाग बिघडताच माणसाचे संरक्षण संपावे, ही चूक रचनेची होती आणि ती मला अधिक गंभीर वाटते.

म्हणून नवख्यांना माझे पहिले सांगणे असे की, आकृती काढताना प्रत्येक भागापाशी थांबून ‘हा चिकटला किंवा ही तार तुटली तर काय होईल?’ असे विचारावे. मोटारीच्या पुरवठ्यात दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये ठेवावेत आणि दोघांचे मिरर प्रकारचे एन.सी. संपर्क (मुख्य संपर्कांशी यांत्रिकरीत्या बांधलेले, कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जुळलेले साहाय्यक संपर्क) सेफ्टी रिलेच्या, म्हणजे इमर्जन्सी बटणावर लक्ष ठेवून कॉन्टॅक्टरना वीज देणाऱ्या उपकरणाच्या, रीसेट मार्गात घ्यावेत. मुख्य संपर्क चिकटलेला असेल तर हा एन.सी. संपर्क जुळूच शकत नाही. त्यामुळे एक कॉन्टॅक्टर अडकला तरी दुसरा पुरवठा तोडतो आणि पुढच्या वेळी रिले रीसेट होत नाही.

मोटारीचा वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह असेल तर त्यातील एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) ही सोय वापरता येते, मात्र त्याने फक्त टॉर्क, म्हणजे मोटारीचे फिरवणारे बल, जाते. जड चाक फिरतच राहते आणि टर्मिनलवर व्होल्टेज असू शकते, म्हणून दुरुस्तीआधी आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) पाडून कुलूप लावणे सुटत नाही. आयएसओ १३८४९-१ या यंत्रसुरक्षेच्या मानकातील ‘ए’ ते ‘ई’ या सुरक्षा-कार्यक्षमतेच्या पातळ्यांची गणिते अभ्यासाने जमतात. त्याआधी यंत्रापाशी उभे राहून इजा किती गंभीर होईल, माणूस किती वेळा जवळ जातो आणि त्याला हात मागे घेता येईल का, हे पाहावे.

पॅनेल पाठवण्यापूर्वी मी आजही एका कॉन्टॅक्टरच्या एन.सी. संपर्काची तार काढतो आणि रीसेट दाबतो. रिले लागला, तर ते पॅनेल त्या दिवशी गाडीत चढत नाही.