कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहायचं

बरेच जण विचारतात की ताई, आम्हालाही आमच्याकडं असं लिहिण्याचं काहीतरी चालू करायचंय, सुरुवात कुठनं करू, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. मी सांगलीत विश्रामबागला राहते. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये दहा-बारा जण जमतात, त्यात तिसरी-चौथीतली पोरं असतात आणि रिटायर झालेले काका-काकू पण असतात, सगळे सतरंजीवर बसतो आणि तासभर लिहितो. मी स्वतः बीकॉम आहे, साहित्याची डिग्री वगैरे काही नाही, त्यामुळे त्या कारणासाठी कुणी थांबला असाल तर थांबू नका.

आधी कागदाचं बोलते, कारण माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं. नवी कोरी वही अजिबात आणू नका. वही उघडली की पोरं आधी समास आखतात, मग तारीख, वार, मग मधोमध विषय लिहून खाली दोन रेघा, आणि मग पेन तोंडात घालून बसतात. मोठ्यांचं तर त्याहून अवघड, छान वहीत छानच लिहिलं पाहिजे या दडपणाखाली पान तसंच राहतं. झेरॉक्सच्या दुकानातनं पाठकोरे कागद मागून आणा, आनंदानं देतात. तो कागद आधीच वाया गेलेला असतो ना, मग आपल्या हातनं तो वाया जाईल ही भीतीच उरत नाही. हात सुटतो अक्षरशः. हा फरक मी शंभरदा डोळ्यांनी बघितलाय.

दुसरं म्हणजे वेळ. पहिल्यांदा मी मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावायचे तर पोरं लिहायचं सोडून टायमरकडंच बघायची. एका रविवारी मी वरणभाताचा कुकर लावून आले होते आणि सहज म्हटलं, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहायचं, पेन उचलायचं नाही, बास. तेव्हापासून तेच चालू आहे. शिट्टी कधी होणार कुणालाच माहीत नसतं, पहिली झाली की पोरं किंचाळतात, दुसरी झाली की सगळ्यांची पेनं पळायला लागतात, काकांची सुद्धा. सुचत नसेल तर "सुचत नाही सुचत नाही" असंच लिहीत राहायचं हा नियम. एका पोरानं चार ओळी तेच लिहिलं आणि पाचव्या ओळीत लिहिलं, "सुचत नाही शेजारचे आजोबा खाकरतायत ते रोज खाकरतात पण आज दोनदाच खाकरले का बरं", आणि तिथनं त्याची गोष्ट अशी काही सुटली की कुकर बंद केला तरी हा थांबेना.

आता माझी एक मोठी चूक सांगते, ही तुम्ही करू नका. सुरुवातीला मी चुका काढायच्या नाहीत हे पक्कं ठरवलं होतं, लाल पेन घरात ठेवलंच नव्हतं. पण कौतुक भरपूर करायचे. एका मुलीनं पावसावर फार गोड लिहिलं, मी सगळ्यांसमोर "वा, काय सुंदर!" केलं, टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी अकरा जणांपैकी सात जणांनी पावसावरच लिहिलं, आणि ती मुलगी? ती दोन आठवडे आलीच नाही. आई म्हणाली, तिला वाटतंय आता तसं जमणार नाही. मला तेव्हा कळलं की शाबासकी पण तपासणीच असते, फक्त गोड असते. तेव्हापासून चांगलं-वाईट काहीच म्हणायचं नाही, कानात काय राहिलं एवढंच सांगायचं. "मला ते चिखलाची पोळी लाटली ते अजून दिसतंय", असं. आणि वाचून दाखवायची सक्ती नाही, घडी घालून खिशात टाकलं तरी चालतं.

शुद्धलेखनावरनं मात्र आमच्यात खूप वाद झालाय. आमच्यातल्या एक काकू शिक्षिका होत्या, त्यांचं म्हणणं, 1962 चे 14 नियम आणि 1972 ला त्यात आलेले 4, हे अठरा नियम पोरांना येत नसतील तर लिहून काय उपयोग. त्यांची तळमळ खरी आहे आणि मला पण पाणी दीर्घच लिहिलेलं आवडतं. पण लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी होत नाही. महिन्यातनं एकदा आम्ही ज्याला हवं त्याचं लिखाण भिंतीवर लावतो, आणि तेव्हा पोरं आपणहून काकूंकडं पळतात, "आज्जी, नदीला वेलांटी पहिली का दुसरी?" आपलं दुसरं कुणीतरी वाचणार आहे हे कळलं की नियम हवेसे वाटतात. काकू आता त्या रविवारी सगळ्यात आधी येतात.

खेळ कुठले घ्यायचे हे सगळे विचारतात. माझ्याकडं तीन-चारच आहेत, तेच उलटसुलट करून वापरते. एक डब्यातल्या चिठ्ठ्यांचा, दोन चिठ्ठ्या काढायच्या, एकमेकींशी काडीचा संबंध नसलेले शब्द, म्हणजे भडंग आणि इस्त्री, आणि त्यांची गाठ घालून द्यायची. हे मूळचं इटलीतल्या जानी रोदारींचं, ते आधी प्राथमिक शिक्षक होते, मग मुलांसाठी लिहायला लागले, 1970 ला त्यांना हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट असं होतं. शब्द जितके लांबचे तितकी गोष्ट लवकर पेटते, आई आणि स्वयंपाक अशा चिठ्ठ्या काढल्या तर परत निबंधच येतो.

मोठ्यांना सगळ्यात आवडतो तो काना-मात्रा-वेलांटी नसलेला खेळ. पहिलीत आपण "छगन कमळ बघ" वाचलेलं असतं ना, तसंच लिहायचं, पण मनातलं. पोरं "बबन गडबड करत बस पकड" असलं काहीतरी धमाल लिहितात. एका काकूंनी लिहिलं, "मन जड. पण घर जवळ." सगळे जरा वेळ गप्पच बसलो. मनातलं थेट लिहा म्हटलं असतं तर त्यांनी कधी लिहिलं नसतं, अक्षरं शोधण्यात गुंतल्या म्हणून ते सटकन बाहेर आलं.

आणि निबंधातनं पोरांना बाहेर कसं काढायचं त्याचं एक सांगते. गावभागातला सहावीतला एक मुलगा "नदीचे आत्मवृत्त" लिहीत होता, सुरुवात काय, तर "माझा जन्म हिमालयाच्या बर्फात झाला". मी विचारलं तुझ्या घरापासनं नदी किती लांब, तर म्हणतो, "गच्चीवरनं दिसतीय की." कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, त्याच्या घरामागनं जाते, आणि हा हिमालयात! मग मी म्हटलं, तू नदी होऊच नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर पाणी मोजायला फुटांचे आकडे रंगवलेत ना, त्यातला एक आकडा हो. 40 फुटांवर पुराचा इशारा आणि 45 ला धोका हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं, 2019 च्या पुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. त्यानं लिहिलं, "मी पंचेचाळीस. मला सगळे घाबरतात पण मी काही केलं नाही. मी बुडालो तेव्हा वरून बावन्न ओरडला, आलं आलं." बारकी जागा दिली की पोरं स्वतःचं लिहितात, मोठा विषय दिला की पाठ केलेलं उतरवतात.

पालक मार्क वाढतील का विचारणारच. मी खरं सांगते की माहीत नाही, पण पोरगं लिहायला बसताना रडणार नाही. पालकांना बसायचं असेल तर त्यांनी पण लिहायचं, पोराच्या कागदात डोकावायचं नाही, आणि तुम्ही स्वतः सुद्धा लिहायचंच, वर्गावर देखरेख केल्यासारखं फिरायचं नाही. फी मी घेत नाही, पण तुम्ही घेतली तरी त्यात वाईट काही नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी असलेले एक काका नातीला सोडायला यायचे आणि दारातच थांबायचे, मला हिशेबाशिवाय काही लिहिता येत नाही म्हणायचे. मी म्हटलं काका, मग हिशेबच लिहा, कालच्या दिवसाचा, जमा आणि नावे. त्यांनी मध्ये रेघ मारली आणि शिट्ट्या व्हायच्या आत लिहून टाकलं. जमा: सकाळी ऊन. नातीनं हात धरला. नावे: गुडघा. जमा: भावाचा फोन आला. नावे: मी उचलला नाही. शिल्लक त्यांनी काढलीच नाही, म्हणाले राहू दे उघडी. आता कागद तेच आणतात, दुकानातल्या हिशेबाच्या जुन्या रद्द झालेल्या पट्ट्यांचे गठ्ठे, त्यांना अजून हळदीचा वास येतो आणि तास संपला की सगळ्यांची बोटं पिवळी झालेली असतात.