बग रिपोर्ट टाकताय? एकच तक्रार दोनदा जाऊ नये म्हणून या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात आमच्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या) कामात मराठी आणि कन्नड मजकूर रोज शेजारी शेजारी असतो. एकदा खानापूरच्या सहलीचं पत्रक करताना 'दऱ्या' लिहिलं, फाईल सेव्ह करून पुन्हा उघडली तर तिथे 'दर्या'. दरीचा समुद्र झाला! मी लगेच त्या प्रोग्रॅमच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे त्यातल्या चुका (बग) कळवायच्या साईटवर, तक्रार टाकली: मराठीतला अर्धा र बिघडतो. शेजारच्या टेबलावर कन्नड टाईप करणाऱ्या अण्णांनी त्याच दिवशी वेगळी तक्रार टाकली, कन्नडमध्ये 'रॅली' लिहिलं की र चं रूप बदलतं.

दोन्ही 'डुप्लिकेट' ठरून बंद झाल्या. मूळ तक्रार आधीच होती आणि तिच्यात मराठी-कन्नडचं नावही नव्हतं. सेव्ह करताना 'झिरो विड्थ जॉइनर' गळून पडतो, एवढंच तिचं शीर्षक. हे न दिसणारं अक्षर आहे. आमच्या कीबोर्डवर 'दऱ्या'मधला र त्याच्या आधाराने उमटतो, आणि कन्नडमध्येही र ला रफार होऊ न देण्यासाठी तेच लागतं. ते गळलं की दोन्ही लिप्यांत र ची जागा बदलते. दुखणं एक, लक्षणं दोन.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: आपल्याला जे दिसलं तेवढेच शब्द टाकून शोधणं. आपल्या गावाचंच बघा. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, आपण बेळगाव म्हणतो, जुन्या इंग्रजी कागदांवर बेलगाम. एकाच नावाने शोधलं तर बाकीचे कागद हाती लागणारच नाहीत. बगचंही तसंच. 'मराठी' टाकून बघा, मग 'देवनागरी', मग 'इंडिक' (भारतीय लिप्या), मग 'जॉइनर' किंवा 'रेफ' (म्हणजे रफार). ट्रॅकरवर बहुतेक तक्रारी इंग्रजीत असतात, तेव्हा शोधही इंग्रजीतून घ्या.

दुसरी चूक माझ्याकडून बऱ्याचदा झाली आहे. फक्त उघड्या तक्रारी बघायच्या. बगझिला आणि गिटहब या तक्रारी नोंदवायच्या दोन प्रचलित जागा. बगझिलाचा झटपट शोध आणि गिटहबची इश्यूंची (तक्रारींची) यादी, दोन्ही आपणहून उघड्याच दाखवतात. तुमचा बग गेल्या महिन्यात दुरुस्त होऊन बंदही झाला असेल. बंद तक्रारी चाळा, आणि त्याआधी नवीन आवृत्ती घालून बघा. निम्मं काम तिथेच मिटतं.

शीर्षक टाईप करत असताना बगझिला खाली मिळत्याजुळत्या तक्रारी दाखवतो. ती यादी न वाचता पुढे जाऊ नका. ऑफिसात तिघांना एकच अडचण आली असेल तर तक्रार एकानेच टाकायची, हे आधी बोलून घ्या.

जुनी तक्रार सापडली, की तिच्याखाली 'मलाही हाच त्रास' एवढंच लिहू नका. त्या एका ओळीसाठी त्या तक्रारीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येकाला ईमेल जातो. नुसता पाठिंबा द्यायचा तर मत द्या किंवा अंगठा दाबा. लिहायचंच असेल तर तिथे नसलेलं काही द्या: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्ट, कीबोर्ड आणि छोटी नमुना फाईल. नमुना म्हणून गिऱ्हाईकाची लग्नपत्रिका जोडू नका हो, तिच्यावर लोकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. 'दऱ्या' हा एक शब्द असलेली फाईल पुरते.

आणि याच्या उलटही चूक होते. डुप्लिकेट ठरेल या भीतीने वेगळाच बग जुन्या तक्रारीला चिकटवायचा. एका तक्रारीत मिसळलेले दोन बग निवडून वेगळे करणं फार किचकट. दोन तक्रारी जोडणं मात्र एका नंबराचं काम. शोधूनही खात्री होत नसेल तर नवीन तक्रार टाका आणि तिच्यात लिहा, 'अमुक नंबरच्या तक्रारीसारखी वाटते, पण इथे कॉपी-पेस्ट केल्यावर होतं, सेव्ह केल्यावर नाही.'

अण्णांच्या 'रॅली'ची फाईल शेवटी आम्ही त्या जुन्या तक्रारीला जोडली. तिथे तोवर कन्नडचा एकही नमुना नव्हता.