जहाज सुटण्याआधी सहप्रवाशांशी ऑनलाइन ओळख कशी करावी

सोलापुरातून क्रूझला जाणाऱ्यांमध्ये बहुतेकांचा हा समुद्रावरचा पहिलाच प्रवास असतो, आणि त्यांतले अनेक जण साठी ओलांडलेले असतात. जहाजावर हजार-दोन हजार माणसे असतात, पण ओळखीचे कोणीच नसेल तर दोन दिवसांनी त्या गर्दीतही एकटे वाटू लागते. निघण्यापूर्वी चार-पाच कुटुंबांशी फोनवरून ओळख झालेली असली, तर जेवणाच्या टेबलापासून बंदरावरच्या गाडीपर्यंत बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. मात्र ही ओळख कामाची व्हायची असेल तर ठरवायचे ते सारे किनाऱ्यावर असतानाच ठरवावे लागते, कारण किनारा मागे पडला की फोनची रेंज जाते आणि घरी बसून तयार केलेला ग्रुप ऐन गरजेच्या वेळी गप्प होतो.

सहप्रवासी शोधण्याची सुरुवात आपल्या ट्रॅव्हल एजंटकडून करावी. सोलापुरात क्रूझचे बुकिंग अजूनही बहुतांशी एजंट किंवा सहल कंपनीमार्फत होते, आणि एकाच फेरीवर त्यांची आणखी काही कुटुंबे असण्याची शक्यता बरीच असते. ‘आमचा नंबर त्यांना द्या, त्यांची हरकत नसेल तर त्यांचा आम्हाला द्या,’ एवढे सांगितले की पुरे. परदेशी जहाज असेल तर फेसबुकवर जहाजाचे नाव आणि निघण्याची तारीख टाकून शोधावे. मोठ्या जहाजांच्या प्रत्येक फेरीसाठी प्रवाशांनीच तयार केलेले स्वतंत्र ग्रुप पुष्कळदा सापडतात. क्रूझ क्रिटिक या संकेतस्थळावरही ‘रोल कॉल’ नावाने जहाज आणि तारखेनुसार प्रवासी एकत्र येतात, पण तेथील व्यवहार इंग्रजीत चालतो.

शोधताना तारखेकडे बारकाईने पाहावे. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०३/०४ ही तारीख आपल्याला ३ एप्रिल वाटते, तर लिहिणाऱ्याच्या मनात ४ मार्च असते. शिवाय तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करणारे जहाज एकाच महिन्यात अनेकदा सुटते आणि प्रत्येक फेरीचा ग्रुप वेगळा असतो. म्हणून प्रवेश मागताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहून, कोणत्या बंदरातून निघणार तेही विचारून खात्री करून घ्यावी. परदेशी जहाजासाठी दोन-तीन महिने आधी, तर मुंबईहून सुटणाऱ्या जहाजासाठी साधारण महिनाभर आधी शोध सुरू करणे योग्य ठरते. त्याहून लवकर गेल्यास ग्रुपमध्ये विशेष हालचाल नसते.

ग्रुपमध्ये गेल्यावर पहिला संदेश विचार करून लिहावा, कारण त्यावरूनच कोणाशी जुळेल हे समोरचा ठरवतो. नुसते ‘हाय’ लिहून कोणी जवळ येत नाही. पुढील नमुना पाहावा:

‘नमस्कार. आम्ही दोघे सोलापूरहून येत आहोत. वय साठीच्या पुढे, समुद्रावरचा पहिलाच प्रवास. जेवण शाकाहारी. मराठी, हिंदी आणि कन्नड बोलतो. गोव्यात उतरल्यावर मंगेशी आणि जुने गोवे पाहण्याचा विचार आहे. आणखी दोन-चार जण सोबत असतील तर एकच मोठी गाडी करता येईल. संध्याकाळी पत्ते खेळायला आवडेल.’

या मोजक्या ओळींत वय, आहार, भाषा, बेत आणि आवड आली, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला धागा मिळतो. आपल्या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, तेव्हा या भाषांचा उल्लेख आवर्जून करावा. हैदराबादचे किंवा हुबळीचे एखादे कुटुंब त्या एका शब्दावरून आपणहून बोलते होते. ग्रुप इंग्रजीत चालत असेल तर साधी, छोटी वाक्ये लिहावीत. चुकांचा संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण तेथील अनेकांसाठी इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा असते.

त्या संदेशात काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पूर्ण नाव, मोबाइल नंबर, केबिन क्रमांक, बुकिंग क्रमांक, घराचा पत्ता आणि घर किती दिवस बंद राहणार, यांतले काहीही त्यात नाही. बुकिंग क्रमांकाबाबत तर विशेष जपावे. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा क्रमांक, आडनाव आणि जन्मतारीख किंवा प्रवासाची तारीख एवढ्यावर बुकिंग उघडते, आणि ज्याच्यापुढे ते उघडले तो त्यात बदल करू शकतो किंवा ते रद्दही करू शकतो. आनंदाच्या भरात तिकिटाचा फोटो टाकणारे याच ठिकाणी अडचणीत येतात, कारण त्या एका फोटोवर क्रमांक, नाव आणि बारकोड सगळेच असते. पासपोर्टचा फोटो ‘तपासून देतो’ म्हणून कोणी मागितला तर तो कदापि पाठवू नये.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरताच आपला नंबर सर्व सदस्यांना दिसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रथम फेसबुकच्या प्रायव्हेट ग्रुपमध्ये आठ-पंधरा दिवस बोलावे आणि ज्यांच्याशी जुळले त्या चार-पाच कुटुंबांचाच लहान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करावा. ग्रुपची लिंक उघड्यावर टाकू नये. नवीन माणूस अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच आत येईल अशी सेटिंग ठेवावी. ‘केबिन अपग्रेड करून देतो’, ‘इंटरनेटचे पॅकेज अर्ध्या किमतीत मिळेल’ असे म्हणत पैसे मागणारा सहप्रवासी नसून ठग आहे असेच समजावे, कारण या गोष्टी कंपनीकडून किंवा आपल्या एजंटकडूनच घ्यायच्या असतात. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना निघण्यापूर्वी पुन्हा एकदा सांगावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ग्रुपमधील माहितीही पारखून घ्यावी लागते. सिंगापूरहून जहाज पकडणाऱ्यांना तेथे पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, भरावे लागते. हे कार्ड सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, तरीही त्यासाठी पैसे घेणाऱ्या लिंक ग्रुपमध्ये फिरत असतात. व्हिसा, ओळखपत्र आणि सामानाचे नियम यांबाबत ग्रुपने फक्त आठवण करून द्यावी. शेवटचा शब्द कंपनीचा किंवा सरकारी संकेतस्थळाचा मानावा.

या ओळखीचा सर्वांत मोठा उपयोग बंदरावर उतरल्यावर होतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मुंबईहून गोव्याला जाणारे जहाज मुरगाव बंदराला लागते. तेथून जुने गोवे गाठायला रस्त्याने तासभर धरावा लागतो. दोघांनी स्वतंत्र गाडी केली तर ती महाग पडते. सहा जणांनी मिळून मोठी गाडी केली तर खर्च वाटला जातो आणि ज्येष्ठांना सोबतही होते. परंतु एक फरक सर्वांनी नीट समजून घ्यावा. जहाज कंपनीने आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा तिची वाट पाहते. आपण स्वतः केलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. म्हणून गाडी ठरवतानाच बंदरावर परतण्याची वेळ ग्रुपमध्ये लिहून घ्यावी, आणि जहाजावर चढण्याची जी अंतिम वेळ दिली असेल तिच्या दोन तास आधी फाटकाशी पोहोचायचे असे ठरवावे. कोणाला बाजारात जास्त वेळ घालवायचा असेल तर त्याने त्या गाडीत बसू नये, हे आधीच मोकळेपणाने बोललेले बरे. सर्वांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करण्यापेक्षा प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा तेथेच चालकाला द्यावा. हवामान बिघडल्यास कप्तान एखादे बंदर गाळू शकतो, त्यामुळे मोठी आगाऊ रक्कम देणेही टाळावे.

घड्याळाचा घोळ परदेशी फेऱ्यांवर हमखास होतो. सिंगापूरहून फुकेतला जाणाऱ्या जहाजाचे घड्याळ सिंगापूरच्या वेळेवर ठेवलेले असेल, तर थायलंडची स्थानिक वेळ त्याच्या एक तास मागे असते. किनाऱ्यावर फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, आणि फोनवर चार वाजलेले असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. ग्रुपमध्ये कोणतीही वेळ लिहिताना ‘जहाजाची वेळ’ हे शब्द जोडावेत आणि एकाने तरी जहाजाच्या वेळेला लावलेले साधे हातघड्याळ घालावे. काही ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकते व प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर जातात. अशा वेळी सर्वांना एकच बोट मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून भेटण्याची जागा किनाऱ्यावरची ठरवावी.

समुद्रात फोन विमान मोडवर ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा जहाजावरील मोबाइल नेटवर्कचे रोमिंग लागून मोठे बिल येऊ शकते. इंटरनेटचे पॅकेज सर्वच जण घेत नाहीत. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये जहाजाच्या वाय-फायवर प्रवाशांना आपापसात संदेश पाठवता येतात, काही ठिकाणी त्यासाठी शुल्क असते. आपल्या जहाजावर काय सोय आहे ते आधी विचारून अ‍ॅप घरीच उतरवून घ्यावे. तरीही पहिली भेट त्यावर अवलंबून ठेवू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर डेकचे नकाशे असतात. त्यांत लिफ्टजवळची, बसायला खुर्च्या असलेली आणि संगीताच्या गोंगाटापासून दूर असलेली जागा शोधून तिचा डेक क्रमांक, वेळ आणि चुकामूक झाल्यास दुसरी वेळ अशा तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी पक्क्या कराव्यात.

ही भेट सुरक्षा कवायतीच्या, म्हणजे संकटात काय करायचे याच्या सरावाच्या, वेळी ठेवू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या संध्याकाळी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. कवायत सर्वांनी मन लावून करावी आणि भेट त्यानंतरची ठेवावी. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांनी पहिली भेट चारचौघांत, उघड्या जागीच घ्यावी आणि केबिन क्रमांक सांगण्याची घाई करू नये.

दोन कुटुंबांना जेवणाला रोज एकाच टेबलावर बसायचे असेल, तर दोन्ही बुकिंग जोडून देण्याची सोय बऱ्याच कंपन्यांकडे असते. ही विनंती एजंटमार्फत, निघण्याच्या बरीच आधी करावी. जैन किंवा कांदा-लसणाविना जेवण हवे असलेल्यांनी तर एकत्रितपणे कळवावे, म्हणजे तयारी नीट होते.

भेटवस्तू द्याव्याशा वाटणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. डिस्नेच्या जहाजांवर केबिनच्या दाराबाहेर सहसा माशाच्या आकाराची आकडी असते. तिला कापडी खिसे अडकवून प्रवासी एकमेकांसाठी लहान भेटी ठेवतात, आणि त्यात कोण सहभागी होणार हे ऑनलाइन ग्रुपमध्येच आधी ठरते. सोलापूरकराने शेंगा चटणी नेण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यावर अनेक जहाजांवर बंदी असते, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या परदेशी प्रवाशाच्या जिवावर ती बेतू शकते. त्यापेक्षा सोलापुरी नॅपकिन न्यावेत. ते वजनाला हलके असतात, घडी घालून बॅगेच्या कोपऱ्यात मावतात आणि पोहण्याच्या तलावाजवळ लगेच उपयोगी पडतात.

मुंबईपर्यंतचा प्रवासही ग्रुपमध्ये ठरवता येतो. सोलापूर, कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या भागांतले प्रवासी असतील तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघावे; ती सकाळी लवकर सीएसएमटीला पोहोचते आणि तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल अगदी जवळ आहे. सकाळची वंदे भारत आरामाची असली तरी दुपारी साडेबाराच्या सुमारास पोहोचते. गाडीला उशीर झाला आणि आपली चेक-इनची वेळ दुपारची असली तर जीव टांगणीला लागतो. म्हणून ज्येष्ठांनी तरी रात्रीची गाडीच निवडावी, किंवा आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा.

मुले आणि सुना आई-वडिलांच्या वतीने ग्रुपमध्ये सर्व ठरवतात आणि प्रत्यक्ष जाणाऱ्यांना कोणाचीच नावे माहीत नसतात, असे पुष्कळदा होते. जाणाऱ्यांनीच ग्रुपमध्ये असावे, निदान एकदा तरी व्हिडिओ कॉलवर चेहरे पाहून घ्यावेत. सुप्रभातचे फोटो, राजकारण आणि धर्म यांना ग्रुपमध्ये थारा देऊ नये, म्हणजे कामाचा संदेश खाली दबत नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नयेत. ओळख झाली म्हणून चोवीस तास एकत्रच राहावे असेही नाही. ‘आज आम्ही दोघेच फिरणार आहोत’ असे हसून सांगितले तर कोणी रागावत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री भेटीची जागा आणि वेळ, गाडीच्या चालकाचा नंबर, परतीची वेळ आणि प्रत्येक कुटुंबातील एकाचे नाव एका कागदावर लिहून तो पासपोर्टच्या किंवा ओळखपत्राच्या पाकिटात ठेवावा. परतताना जहाजावरून उतरण्यापूर्वीच एकमेकांचे हिशेब मिटवावेत, फोटो देऊन-घेऊन टाकावेत, आणि ज्यांना पुढे संबंध ठेवायचा आहे त्यांनी परस्परांचे नंबर जतन करून ग्रुप बंद करावा.