नाशिकच्या द्राक्षमळ्यात दोन रात्री: मुक्काम कसा आखावा

नाशिक भागात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या आसपास नव्या काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मुक्कामाची तारीख यावरूनच ठरवावी. छाटणीनंतर दोन-तीन आठवडे बागेत खोडं, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि तारा एवढंच दिसतं. दिवाळीत पानं आलेली असतात, पण मणी बाजरी-ज्वारीच्या दाण्याएवढे. फळछाटणीनंतर साधारण चार ते पाच महिन्यांनी घड काढणीला येतात, म्हणून वाइनच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च. लगडलेली बाग बघायची तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. नुसती विश्रांती हवी असेल तर जुलै-ऑगस्ट आम्हाला जास्त आवडतो. द्राक्षं नसतात, पण बाग पानांनी गच्च असते आणि गंगापूर धरणाकडे ढग उतरलेले असतात.

मग जागा. गंगापूर-सावरगाव रस्त्यावर सुला, यॉर्क, सोमा असे मळे जवळजवळ आहेत. शहर हाकेच्या अंतरावर, पण वर्दळही तितकीच. खरी शांतता हवी असेल तर इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाच्या बाजूला बघा. तिथे जेवणासाठी बाहेरचे पर्याय कमी, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण आधीच सांगून ठेवावं.

बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा. खोलीच्या खिडकीतून बाग दिसते की पार्किंग? त्या तारखांना लॉनवर लग्न किंवा संगीताचा कार्यक्रम आहे का? वाइनरीची फेरी किती वाजता असते आणि द्राक्षं गाळण्याचं काम सध्या चालू आहे का? हंगामातच जाताय तर 26 जानेवारी टाळा, तो ड्राय डे असतो. एक रात्र पुरत नाही. पोचणं, आवरणं यातच दिवस जातो. रविवारी दुपारी तीननंतर पोचून मंगळवारी निघालात, तर शनिवार-रविवारची गर्दी परतलेली असते.

जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो. निफाडकडे तर घड वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. स्वेटर, कानटोपी आणि चिखल लागला तरी चालेल असे बूट घ्या. ठिबकमुळे ओळींमधली काळी माती ओली असते आणि चपलेला चिकटते.

सकाळी साडेसहाला बागेत जा. काढणी याच वेळी चालते, कारण ऊन चढल्यावर तोडलेली द्राक्षं क्रेटमध्येच तापतात, सुगंध उडतो आणि नको तेव्हा आंबणं सुरू होतं. एखादा घड जवळून बघा. मण्यावरची पांढुरकी झाक हा वेलीचाच मेणाचा थर असतो; बोट फिरवलं की खालचा गडद जांभळा रंग चमकतो. पानांवर निळसर डाग दिसले तर ते बहुधा बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्याचे. फवारणी चालू असते, म्हणून विचारल्याशिवाय मणी तोडून खाऊ नये. परवानगी मिळाली तर जरूर चाखा: मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि गोडी खाण्याच्या द्राक्षांपेक्षा जास्त. वाइनची द्राक्षं 22-24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, खाण्याची 18च्या आसपास.

वाइनचं टेस्टिंग दुपारी जेवणाआधी ठेवा. त्या सकाळी झणझणीत मिसळ खाल्ली तर तिखटाने जीभ बधिर होते आणि वाइनमधला अल्कोहोल नुसता जाळतो. मिसळ दुसऱ्या दिवशी, मळ्यातल्या चुलीवरची, निवांत खा. अत्तर, सेंट लावू नका. क्रम फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड असा ठेवा. उलट केलंत तर शेनिन ब्लाँसारखी पांढरी वाइन पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरा, दोन-तीनदा फिरवा, मगच वास घ्या. शेनिनमध्ये पेरू, सोव्हिन्यों ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये कापलेलं गवत किंवा ढोबळी मिरची, शिराझ या लाल वाइनमध्ये काळे मिरे सापडतात का बघा. मार्चच्या उन्हात लाल वाइन कोमट मिळाली तर वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायला सांगा; ती 16 ते 18 अंशांना खुलते.

हिशेबही ठेवा. 40 मिलीचे पाच घोट म्हणजे 200 मिली, एका भरल्या ग्लासाहून जास्त. दरम्यान पाणी पीत राहा आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नका. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि ती अंदाजाने मोजता येत नाही. वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची.

घरी न्यायच्या बाटल्या निघायच्या सकाळी घ्या. डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत बुच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. चादरीत गुंडाळून सीटच्या पायाशी आडव्या ठेवा, आणि वाटेत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.