अडकलेल्या मित्राला हिंट कशी द्यावी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामेभावाने रात्री साडेअकरा वाजता फोन केला. तो ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम खेळत होता आणि स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या मार्गिट नावाच्या बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूने, त्याला संध्याकाळपासून जेरीस आणले होते. “दादा, हा काही केल्या मरत नाही,” एवढेच तो म्हणाला. मी मात्र उत्साहाच्या भरात पुढची वीस मिनिटे त्याला सगळे सांगून टाकले: आधी कुठे जायचे, काय विकत घ्यायचे, कोणता वार कधी चुकवायचा आणि कोणत्या क्षणी उलटा वार करायचा. त्याने सांगितल्याप्रमाणे केले आणि तासाभरात तो जिंकला. नंतर त्याचा मेसेज आला, “झालं एकदाचं.” त्यानंतर आठवडाभर त्याने तो खेळ उघडलाच नाही. ज्या विजयासाठी तो संध्याकाळभर झटला होता, तो मी त्याच्या हातून काढून घेतला होता, हे मला फार उशिरा कळले.

खेळणाऱ्यांच्या गप्पांमध्ये सर्वांत जास्त वेळा येणारे वाक्य “मी इथे अडकलोय” हेच असते. त्याला उत्तर कसे द्यावे याचा आपण फारसा विचार करत नाही, म्हणून मला जे उपयोगी पडले ते येथे मांडत आहे. उदाहरणे बहुतेक ‘एल्डन रिंग’च्या पहिल्या काही तासांतली आहेत, ज्यांना तो खेळ अगदी कोऱ्या मनाने सुरू करायचा असेल त्यांनी तो खेळून मग हे वाचावे.

हिंट देण्याची कला जुनी आहे. १९८४ साली जपानच्या नामको कंपनीने ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ हा आर्केड खेळ, म्हणजे नाणे टाकून दुकानातल्या यंत्रावर खेळायचा खेळ, काढला. त्यात ६० मजल्यांचा मनोरा चढायचा असतो आणि मजल्यांवर दडलेल्या खजिन्याच्या पेट्या कशाने प्रकट होतात हे खेळ सांगत नाही. एकट्याने ते शोधून काढणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे जपानमधल्या आर्केडांमध्ये वह्या ठेवलेल्या असत आणि ज्याला जे सापडेल ते तो पुढच्या खेळाडूसाठी त्यात लिहून जाई. आपल्याकडे हे काम तोंडीच चाले. ‘कॉन्ट्रा’ सुरू होण्यापूर्वी वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी आणि ए अशी बटणे दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळतात, ही माहिती एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेली.

परंतु या कलेचा मला सापडलेला सर्वांत उत्तम नमुना अमेरिकेतल्या इन्फोकॉम या कंपनीचा आहे. ‘झॉर्क’सारखे, केवळ मजकूर वाचत आणि आज्ञा टाइप करत खेळायचे खेळ ही कंपनी बनवत असे, आणि ते इतके अवघड असत की १९८०च्या दशकात तिने ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकायला सुरुवात केली. त्या पुस्तिकांत प्रश्न छापलेला दिसे, पण खालची जागा कोरी असे. सोबत मिळणारे खास पेन त्या कोऱ्या जागेवर फिरवले की अदृश्य शाईतली पहिली हिंट उमटे, आणि ती अगदी अंधूक असे. तेवढ्याने भागले नाही तर खालची ओळ घासायची; ती जरा स्पष्ट असे. असे करत शेवटच्या ओळीत संपूर्ण उत्तर मिळे. त्याहून सुंदर गोष्ट अशी की नुसते प्रश्न वाचूनही पुढे काय आहे याचा अंदाज येऊ नये, म्हणून त्यांत काही खोटे प्रश्न मुद्दाम मिसळलेले असत. फोनवर मित्राशी बोलताना आपणही त्या पेनासारखे वागावे: एका वेळी एकच ओळ उघडावी, आणि पुढची ओळ घासायची की नाही हे त्याला ठरवू द्यावे.

म्हणूनच काहीही सांगण्यापूर्वी विचारावे. तो नेमका कुठे आहे, आत्तापर्यंत त्याने काय काय करून पाहिले, आणि त्याला किती मदत हवी आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय तोंड उघडू नये. तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. कुणाला फक्त “हो, हा खरंच अवघड आहे” एवढे ऐकायचे असते. कुणाला सकाळी कामावर जायचे असते आणि झोपण्यापूर्वी एवढे एक संपवायचे असते, तेव्हा त्याला सरळ उत्तर देण्यात काहीच गैर नाही. दुसऱ्या प्रश्नाचा फायदा असा की काय करून पाहिले हे सांगता सांगता कित्येकदा अडकलेल्याला स्वतःलाच वाट सापडते, आणि आपल्याला फक्त “मग?” एवढेच म्हणावे लागते.

पहिली हिंट नेहमी लक्ष वेधणारी असावी. तिने नवी माहिती देऊ नये, डोळ्यांसमोर असलेलेच दाखवावे. लहानपणी आमच्याकडे टीव्ही गेम होता आणि मी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये चौथ्या जगाच्या किल्ल्यात आठवडाभर अडकलो होतो. त्या किल्ल्यात चुकीची वाट धरली की तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येतो, पण मला वाटत होते की किल्लाच फार लांब आहे आणि आपण धावायला कमी पडतो आहोत. मोठा चुलतभाऊ मागे बसून थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “ही वीट तू मघाशी बघितली होतीस ना?” त्याने वर जा की खाली जा यातले काहीच सांगितले नाही, तरी मला सगळे मिळाले. त्याने माझ्या हातातला रिमोटही घेतला नाही, ही गोष्टही तितकीच मोलाची होती. शेजारी बसलेल्याने “दे, मी करून दाखवतो” म्हणून कंट्रोलर ओढून घेणे, याहून वाईट हिंट मला माहीत नाही.

मार्गिटच्या बाबतीत अशी पहिली हिंट कोणती असावी? तो काठी उगारतो आणि हवेतच धरून ठेवतो. खेळणारा घाबरून आधीच रोल मारतो, म्हणजे वार चुकवायला कोलांटी घेतो, आणि रोल संपता संपता काठी डोक्यात बसते. “रोल उशिरा मार” असे सांगणे म्हणजे उत्तर देणे झाले. त्याऐवजी “पुढच्या वेळी एकही वार करू नकोस, तो काठी उगारल्यावर किती वेळाने खाली आणतो एवढंच बघ,” असे म्हणावे. मरणे ठरलेलेच असेल तर ते मरण निरीक्षणाच्या कामी येते, आणि त्यातून जे समजते ते त्या खेळाडूचे स्वतःचे असते.

त्याने भागले नाही तर दुसरी हिंट दिशेची द्यावी. “तू दक्षिणेला किती फिरलास?” या एका प्रश्नात बरेच काही येते, कारण किल्ल्याच्या पुष्कळ दक्षिणेला पूल ओलांडून गेले की वीपिंग पेनिन्सुला नावाचा मोठा प्रदेश लागतो, आणि नवख्या खेळाडूने तिथे बळ कमावून परत यावे असाच तो रचलेला आहे. हा खेळ सरळ रेषेत खेळायचा नाही, हे समजणे हाच पुष्कळांसाठी खरा अडथळा असतो. तिसरी हिंट साधनाची: “घोडा मिळाल्यानंतर तू एल्लेहच्या पडक्या चर्चमध्ये परत गेला होतास का?” तिथे भेटणारी एक व्यक्ती अशी घंटा देते जिच्यामुळे लढाईत सोबती बोलावता येतात, आणि घाईने पुढे गेलेल्यांची ती हमखास राहून जाते. एवढे सगळे झाल्यावरही तो अडलेलाच असेल आणि त्याने स्वतःहून मागितले, तरच संपूर्ण उत्तर द्यावे. मात्र तेव्हा ते नीट, सलग आणि हातचे काही राखून न ठेवता द्यावे.

दोन हिंटांमध्ये वेळ जाऊ देणे आवश्यक आहे. एक हिंट दिल्यावर फोन ठेवून द्यावा. फोन चालूच राहिला की पाचव्या मिनिटाला आपल्याला राहवत नाही.

येथे एक भेद मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो, आणि तो खेळाचे नियम व खेळाची गुपिते यांतला आहे. नियम ताबडतोब आणि स्पष्ट सांगावेत. उदाहरणार्थ, ‘हॉलो नाइट’ या खेळात मेल्यावर आपली छाया मेलेल्या जागेजवळ राहते आणि जमवलेले पैसे तिच्यापाशी अडकतात, ते परत मिळवण्यापूर्वीच पुन्हा मेलो तर कायमचे जातात. तसेच त्या खेळात फिरून पाहिलेला भाग नकाशात आपोआप उमटत नाही. त्यासाठी दुकानातून लेखणी घ्यावी लागते आणि बाकावर जाऊन बसावे लागते. हे ज्याच्या लक्षात आले नाही, त्याला “स्वतः शोध” म्हणून तासन्‌तास भटकवण्यात कसलाही आनंद नाही. ‘सेलेस्टे’ या २०१८ सालच्या खेळात असिस्ट मोड, म्हणजे खेळ सोपा करून घेण्याची सोय, आहे, त्यात खेळाचा वेग कमी करता येतो. ज्याची बोटे दुखतात किंवा ज्याला केवळ गोष्ट अनुभवायची आहे त्याला हे मोकळेपणाने सांगावे, आणि त्याने ते वापरले तर त्याचा विजय कमी प्रतीचा ठरवू नये. याउलट त्याच ‘हॉलो नाइट’मध्ये एक लढाई अशी आहे की ती जिंकल्यानंतर परत फिरताना मी कंट्रोलर खाली ठेवला आणि पाच मिनिटे नुसता पाहत बसलो. ती कोणती, हे मी कुणालाही सांगत नाही. येथेही सांगणार नाही.

काही शब्द बोलण्यातून काढून टाकावेत. “सोपं आहे रे” हे त्यांतले पहिले. आपल्याला सोपे वाटते कारण आपण तो भाग ओलांडला आहे. समोरच्याला त्यातून एवढेच ऐकू येते की आपण कमी पडतो. “मी पहिल्याच फटक्यात मारला होता” हे वाक्य खरे असले तरी त्या क्षणी निरुपयोगी असते. “आत्ता कुठे, पुढे बघ काय होतं” हे तर गुपित फोडणेच आहे, कारण पुढे काहीतरी धक्कादायक आहे हे कळल्यावर माणूस सावध होऊन खेळतो आणि त्या प्रसंगाचा जोर ओसरतो. बॉसला दुसरे रूप आहे किंवा अमुक सोबती शेवटपर्यंत टिकत नाही, हेही तसेच. व्हिडिओची लिंक पाठवणे शक्यतो टाळावे. लिंकसोबत उमटणाऱ्या चित्रातच निम्मी गुपिते उघडी पडलेली असतात.

एकत्र ऑनलाइन खेळताना हा सगळा हिशेब बदलतो. ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात चौघांच्या स्क्वाडला हिंटसाठी वेळ नसतो, तिथे माहितीच द्यावी लागते, आणि ती ठरलेल्या क्रमाने द्यावी. स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर होकायंत्राचे अंश दिसतात. म्हणून “अरे तिकडे, तिकडे बघ” असे ओरडण्याऐवजी “एकशे ऐंशी, दोन जण, दगडामागे” असे म्हणावे. आधी दिशा, मग संख्या, मग आडोसा. कुणाला लागले, कुणाला हील (उपचार) हवे, हे त्यानंतर. खरी परीक्षा आपण मेल्यावर असते. आता आपण साथीदाराचा खेळ फक्त पाहत असतो आणि त्याला न दिसलेले आपल्याला दिसल्यासारखे वाटते. तरीही नकाशावर लहान होत गेलेल्या शेवटच्या वर्तुळात एकटा उरलेला साथीदार पावलांचे आवाज कानांनी टिपत असतो, आणि त्या वेळी तिघांनी मिळून दिलेल्या सूचना त्या आवाजांवर बसतात. मेलेल्यांनी माइक बंद करावा आणि त्याने विचारले तरच बोलावे, असा नियम आमच्या गटाने केला, तेव्हापासून एकटे उरलेले आमचे खेळाडू अधिक शांतपणे खेळू लागले.

विचारणाऱ्यानेही थोडी काळजी घ्यावी. “मी अडकलोय” एवढेच म्हणण्यापेक्षा “मी अमुक ठिकाणी आहे, हे हे करून पाहिलं, उत्तर नको, फक्त दिशा सांग” असे म्हटले तर समोरच्याचे काम निम्मे होते. त्याला राहवले नाही आणि तो सगळेच सांगू लागला, तर मध्येच थांबवण्यात उद्धटपणा नाही.

जिंकल्याचा फोन येतो तेव्हाही एक काम उरलेले असते, आणि ते ऐकण्याचे असते. शेवटच्या वेळी किती रक्त उरले होते, हात कसे थरथरत होते, हे सगळे त्याला सांगू द्यावे, आपल्याला प्रत्येक टप्पा पाठ असला तरीही. गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण त्याच मार्गिटपाशी पोहोचली. मी तिला काठीकडे बघायला सांगितले, तीन दिवसांनी दक्षिणेबद्दल विचारले, आणि त्यापुढे काही बोललो नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला आणि ती अर्धा तास थांबलीच नाही. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, “आणि दादा, तो रॉजिअर किती छान लढतो ना?” कोण रॉजिअर, असे मी विचारले. मार्गिटच्या धुक्याच्या दाराअलीकडे जमिनीवर एक सोनेरी खूण असते आणि तिला हात लावला की टोपीवाला एक जादूगार आपल्या बाजूने लढायला येतो, असे तिने मला समजावून सांगितले. मी त्या दारातून निदान चाळीस वेळा आत गेलो होतो, आणि ती खूण मला एकदाही दिसली नव्हती.