गोल्फमधल्या पटिंगची दिशा तपासणारी फट
पट म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवणारा हलका फटका. होलपासून १.५ मीटरवर, सपाट जागी चेंडू ठेवा. चेंडूच्या ३० सेंटीमीटर पुढे, होलच्या रेषेवर, ५० मिलिमीटरची फट सोडून दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा. चेंडूचा व्यास जवळपास ४३ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम साडेतीन मिलिमीटर उरतात.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सारखा उजव्या टीला घासत असेल, तर पटरचा (पटिंगच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, चेंडूला लागताना उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतोय. डाव्या टीला घासला तर बंद, म्हणजे डावीकडे वळलेला. बहुतेक जण इथे स्ट्रोकचा मार्ग बदलत बसतात. ते उलटंच, कारण पटची दिशा मुख्यतः फेस ठरवतो. आधी पकड सैल करा.

सलग दहा चेंडू फटीतून गेले की उताराचा पट घ्या. तिथे टी होलच्या नव्हे, चेंडू सुटण्याच्या रेषेवर रोवायच्या.